शेवटच्या पिंपाची गाठ

१

टपालवाली स्वतःच्या बेफिकिरीनं मेली, हे बंधाऱ्याच्या मोठ्या साहेबांनी आम्ही खुर्चीत नीट टेकायच्या आधीच सांगून टाकलं. मग चहा मागवला.

"इतकी वर्षं नदीवर काढली की माणसाला वाटतं, नदी आपल्या खिशात आहे," साहेब म्हणाले. "धुकं होतं. थांबायला हवं होतं. नाही थांबली. मी सुरक्षेवर भाषणं देतो ना, त्यात नेहमी सांगतो. नियम पाळणाऱ्याला नदी कधीच मारत नाही."

वहिनींनी मान हलवली. ती मान मी ओळखून आहे. समोरच्याला वाटतं आपलं म्हणणं पटलं, आणि तो आणखी बोलतो. वहिनींना तेवढंच हवं असतं.

वहिनी नदी-वाहतुकीच्या अपघात चौकशी खात्यात आहेत आणि मी त्याच खात्याचा फोटोग्राफर. त्या आधी माझ्या वरिष्ठ होत्या, मग माझ्या थोरल्या भावाच्या नशिबी आल्या, त्यामुळे कचेरीत मॅडम आणि जीपमध्ये वहिनी असा माझा दुहेरी संसार चालतो. खात्यात त्यांना मागून कातरी म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि आवडतंही.

साहेबांच्या खोलीला नदीच्या बाजूनं भिंतभर काच होती. उजव्या काठाला लागून लॉक. दोन्ही टोकांना लोखंडी दारं असलेला सिमेंटचा लांबलचक हौद. वरून आलेली बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी हळूहळू सोडायचं, आणि बोट खालच्या नदीच्या पातळीला आली की पुढचं दार उघडायचं. बोटींचा जिनाच म्हणा. लॉकपासून थेट डाव्या काठापर्यंत बंधारा. तो फार उंच नाही, पाण्याची दीड माणूसभर उडी असेल. पण तेवढी पुरते. वरून येणाऱ्याला बंधारा दिसतच नाही. पाणी सपाट दिसतं आणि एकदम संपतं. खाली पडलेलं पाणी पुन्हा बंधाऱ्याकडेच वळतं आणि जागच्या जागी आडवं गरगरत राहतं. त्यात सापडलं ते तिथंच फिरत बसतं, लाकूड असो की माणूस.

म्हणूनच वरच्या अंगाला पिंपांची ओळ होती. पोलादी दोरात ओवलेली विटकी नारिंगी पिंपं, डाव्या काठापासून निघून तिरकी थेट लॉकच्या भिंतीच्या टोकापर्यंत. येणाऱ्या बोटीनं ती डाव्या हाताला ठेवायची आणि त्यांच्या कडेकडेनं यायचं, की ती लॉकच्या तोंडाशी पोचलीच.

"ओळ जागेवर आहे," वहिनी काचेतून बघत म्हणाल्या.

"असणारच. माझ्या बंधाऱ्यावर सगळं जागेवर असतं." साहेबांनी टेबलावरचं पांढरंशुभ्र हेल्मेट उगाच सरळ केलं. त्याला एक ओरखडा नव्हता. "पुढच्या आठवड्यात सुरक्षित बंधाऱ्याच्या बक्षिसासाठी समिती येतेय. त्याआधी तुमचा कागद झाला तर बरं. बाईंच्या घरच्यांबद्दल मला सहानुभूती आहेच."

"तुम्हाला कळलं कधी?"

"मीच पहिला पोचलो. धुकं कसं आहे बघायला पहाटे उठून आलो होतो. उलटी झालेली बोट दिसली, त्याच क्षणी भोंगा वाजवला. इथं तेव्हा माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. वर्तमानपत्रात आलंय ते."

चहा आला. साहेबांनी कप दोन्ही हातांच्या बोटांच्या टोकांनी उचलला, निखारा उचलावा तसा. दोन्ही तळव्यांना पट्ट्या होत्या.

"हाताला काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"गुलाबाची छाटणी. छंद आहे मला."

"छान छंद," वहिनी म्हणाल्या, आणि चहा न पिताच उठल्या.

२

बाहेरच्या बाकावर टपालवालीची थोरली बहीण बसली होती. सकाळपासून बसली होती आणि आत-बाहेर करणाऱ्या कोणीही तिला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. वहिनी तिच्याशेजारी टेकल्या.

"सगळे म्हणतात ती निष्काळजी होती," बहीण म्हणाली. रडून झालं होतं. आता आवाज कोरडा होता. "पेपरात छापलं. टपाल खात्याचा साहेब घरी येऊन तेच बोलून गेला. बाई, तिनं आयुष्यात दूध उतू जाऊ दिलं नाही."

"धुक्यात कशी यायची ती?"

"ठोकत. वल्ह्यानं एकेक पिंप ठोकायची, डाव्या हाताला. ठक् झालं की पुढचं. तिला दिसायची गरजच नव्हती. वरच्या वाड्यांवरचं टपाल घेऊन रोज पहाटे याच वाटेनं उतरायची. मी म्हणायचे, धुक्याचं नको जाऊ. ती म्हणायची, ताई, ओळ आहे ना."

बोट लॉकच्या आवारात उलटी करून ठेवली होती. मी फोटो काढायला लागलो. डाव्या अंगाला पिवळट नारिंगी रंगाचे बारीक फराटे, रोजच्या येण्याजाण्याचे. नाकावरच्या कडीला नायलॉनची निळी दोरी. हातभर लांब, आणि पुढे तुटलेली. धागे पिंजून फुललेले.

"ही कापलेली नाही," वहिनी म्हणाल्या. "ताणून तुटलीय. नवी दोरी आहे, भावजी. अशी दोरी तुटायला केवढा ताण लागेल? बोट पाण्यानं भरून कड्यावरून खाली लटकली असेल तेवढा."

"म्हणजे ती कुठंतरी बांधलेली होती."

"म्हणजे दुसरं टोक कुठंतरी आहे. आणि जी बाई बंधाऱ्याच्या तोंडाशी असताना बोट बांधते, ती बेफिकीर नसते." त्यांनी बहिणीकडे बघितलं नाही, पण आवाज तिला ऐकू जाईल इतका होता.

बोट सापडली कुठे, असं त्यांनी लॉकचालकाला विचारलं. हा लॉकची दारं उघडणारा-लावणारा इसम. जाडजूड, झोपाळू, आणि आपल्यावर कायम अन्याय होतोय अशा चेहऱ्याचा.

"डाव्या काठाच्या बाजूला, हॉटेलच्या खाली," तो म्हणाला. "तिथंच फिरत होती गरगर. बाई पण तिथंच. झडपा लावून पाणी थांबवलं तेव्हा काढता आली. मी भोंगा ऐकून घरून धावत आलो. माझी ड्युटी सुरू व्हायची होती, हे लिहून घ्या."

"लिहिलं. आता आम्हाला पिंपांपाशी न्या."

"ते माझं काम नाही."

वहिनींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो हातमोजे चढवून कामाची होडी सोडायला गेला.

३

आम्ही डाव्या काठापासून ओळीच्या वरच्या अंगानं निघालो. वहिनी प्रत्येक पिंपाच्या दोराची कडी वाकून तपासत होत्या. मी फोटो काढत होतो आणि मनातल्या मनात पिंपांना नावं ठेवत होतो. या ओळीवर कुणी रंगाचा हात फिरवल्याला जमाना लोटला असावा. पाण्याखालचा भाग शेवाळानं हिरवा, वरचा भाग उन्हानं विटून पार पिवळट. 'बंधारा - धोका' ही अक्षरं वाचायची तर आधी माहीत असायला हवीत.

भिंतीच्या टोकाशी पोचलो आणि मी कॅमेरा खाली घेतला.

"वहिनी, हे शेवटचं पिंप नवंय का?"

ते नारिंगी होतं. चक्क, संत्र्यासारखं. आणि त्यावर सुकलेल्या शेवाळाच्या पापड्या.

"नवं कसलं," चालक म्हणाला. "सगळी एकाच वेळची."

"मग उलटं झालंय," वहिनी म्हणाल्या. "जे वर दिसतंय ते आजवर पाण्याखाली होतं. ऊन लागलं नाही म्हणून रंग टिकला. दोराला पीळ बसलाय आणि पिंप पोटावर झोपलंय. फिरवा ते."

चालकानं वल्हं अडकवून जोर लावला. पिंप कुरकुरत फिरलं आणि त्याची विटकी बाजू पाण्यातून वर आली. वरच्या कडीला निळी नायलॉनची दोरी होती. दोन वेढे आणि घट्ट आवळलेली गाठ. खाली हातभर दोरी, टोकाला पिंजलेली.

पिंपापासून लॉकची भिंत एवढी जवळ होती की वल्हं टेकवता आलं असतं. भिंतीत लोखंडी शिडी होती. शिडीच्या वर कठडा, कठड्याशी दोर गुंडाळायचं, हातानं फिरवायचं मोठं चाक, आणि त्याच्या बाजूला पाण्यात पडलेल्याला फेकायची लाल ट्यूब टांगलेली.

टपालवालीनं बोट इथं बांधली होती. शिडी हाताशी होती. आणि ती नदीच्या पार दुसऱ्या टोकाला मेली होती.

४

साहेबांना आम्ही भिंतीवर बोलावलं. ते हेल्मेट घालून आले, कारण मी कॅमेरा घेऊन उभा होतो.

गाठ बघून त्यांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग भाषण सुरू झालं.

"बघा, म्हणजे मी म्हणतो तेच. बाई इथवर पोचली, बोट बांधली, शिडी चढताना घाईत पाय घसरला. बोटीला हिसका बसून दोरी तुटली. दोघी वाहत गेल्या. सुरक्षित जागी येऊन माणूस बेसावध होतो. हे माझ्या पुढच्या भाषणात घालणार आहे."

"बोट इथून सुटली, तर बंधाऱ्यावरून कुठे पडेल?" वहिनींनी विचारलं.

"नदी आहे. कुठेही जाईल."

"तुमचं हेल्मेट द्या जरा."

मोठ्या माणसांची गंमत असते. कोणी हक्कानं काही मागितलं की आधी देऊन बसतात आणि मग कशाला म्हणून विचारतात. साहेबांनी विचारायला तोंड उघडलं तेव्हा हेल्मेट पाण्यात होतं. शेवटच्या पिंपापाशी ते उताणं तरंगलं, थोडं रेंगाळलं, मग प्रवाहानं त्याला उचललं आणि नाकासमोर, सरळ, लॉकच्या भिंतीला चिकटून खाली नेलं. बंधाऱ्याच्या उजव्या टोकावरून ते खाली पडलं. मग फेसात वर आलं, पुन्हा आत ओढलं गेलं, पुन्हा वर आलं. पांढरंशुभ्र, गोल. ते तिथून हललं नाही.

"इथं सोडलं की तिथं पडतं," वहिनी म्हणाल्या. "आणि पडतं तिथंच राहतं. बोट सापडली डाव्या काठाखाली. मग ती इथून सुटली नाही. ती डाव्या काठापाशी सुटली."

"पण गाठ तर इथं आहे," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज जरा चढला होता.

"हो," वहिनी म्हणाल्या. "गाठ इथं आहे. बोट तिथं होती. दोन्ही खरं आहे. तुम्ही म्हणता, तुमच्या बंधाऱ्यावर सगळं जागेवर असतं. मी आता ते शोधते, काय जागेवर नव्हतं."

जीपमध्ये बसल्यावर मी विचारलं, "डाव्या काठाचं हॉटेल?"

"हॉटेल," त्या म्हणाल्या. "ही ओळ काढून टाका म्हणून कोण सारखं अर्ज करत होतं, ते विचारून ठेवलंय मी. हॉटेलवाली. तिच्या गच्चीचा देखावा बिघडतो म्हणे."

५

हॉटेलवाली बाई आम्हाला बघून हसली. आम्ही गिऱ्हाईक नाही हे कळल्यावर ते हसू तिनं परत घेतलं. गच्ची पाण्यावरच होती. खाली पिंपांच्या ओळीचं डावं टोक काठाच्या कडीत अडकवलेलं, आणि तिथून ओळ तिरकी दूर जात होती.

"अर्ज केले, मग?" ती म्हणाली. "लोक नदी बघायला पैसे मोजतात, गंजकी पिंपं बघायला नाही. पण म्हणून मी काही काढायला गेले नाही. या कडीला हात लावून बघा, गंजून एकजीव झालीय."

वहिनींनी बघितलं. कडीवरचा गंज अखंड होता. इथलं टोक कोणी सोडलेलं नव्हतं.

"त्या सकाळी काही ऐकलंत?"

"छे. खिडक्या बंद होत्या. पाहुणे झोपलेले."

"खोटं," आतून कोणीतरी म्हणालं.

गच्चीच्या दाराआड आरामखुर्चीत एक म्हातारा बसला होता. डोळ्यांवर दोन्हीकडे पांढरी साय. हॉटेलवाली वळली. "मामंजी, तुम्ही गप्प बसा. यांना काही सुधरत नाही हो. दिवस का रात्र ते कळत नाही."

"डोळे गेलेत, कान नाही," म्हातारा म्हणाला. "कोण आलंय?"

वहिनी त्याच्या खुर्चीशी जाऊन खाली बसल्या. "टपालवालीच्या चौकशीला आलेय, आजोबा. तुम्ही काय ऐकलंत?"

"ठकठक. ती रोज ठोकत जाते. इथं सुरू होते आणि लांब लांब जात नाहीशी होते, तिकडं लॉककडं. त्या दिवशी गेलीच नाही लांब. इथं, या कठड्याखालून, आमच्या भिंतीच्या कडेकडेनं गेली. खालच्या अंगाला. मी सूनबाईला म्हटलं, अगं, आज ही चुकीकडं चाललीय."

"मामंजी."

"मग ठोकणं थांबलं. मग शिट्टी. गळ्यात असते ना बोटवाल्यांच्या, ती. एकेक लांब शिट्टी, थांबून थांबून. घाबरलेल्या माणसाची नव्हती. मी इथं आहे, या, अशी. मी सूनबाईला म्हटलं, बघ कोणी तरी. हिनं खिडकी लावली."

हॉटेलवाली कठड्याकडे बघत होती. "पाहुणे जागे झाले असते," ती म्हणाली. आणि ते बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती आत निघून गेली. मी तिच्याकडे बघितलं नाही. काही माणसांकडे बघायलासुद्धा मेहनत पडते.

"मग?" वहिनींनी हळूच विचारलं.

"मग पलीकडून आवाज आला. पाण्यावरून लांबचं ऐकू येतं धुक्यात. करकर करकर. चाक फिरवल्यासारखं. ते चालूच होतं. आणि ते चालू असतानाच शिट्टी एकदम वेडीवाकडी वाजायला लागली. भराभर. बाई ओरडली पण. मग बंद."

"आणि भोंगा? भोंगा कधी झाला आजोबा?"

म्हाताऱ्यानं आपले पांढरे डोळे वहिनींच्या दिशेनं वळवले.

"सगळं शांत झालं," तो म्हणाला. "चाकही थांबलं. मग झाला भोंगा."

६

लॉकचालक घराच्या पायरीवर जेवणानंतर सुस्तावून बसला होता. वहिनी उभ्याच राहिल्या.

"ओळीचं भिंतीकडचं टोक अपघाताच्या आदल्या दिवशी तुम्ही सोडलंत."

तो नाही म्हणणार होता. मग त्यानं खांदे उडवले. "साहेबांनी सांगितलं म्हणून सोडलं. मी हुकमाचा माणूस."

"कशासाठी?"

"फोटोसाठी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कसला फोटो?"

"ते बक्षीस आहे ना, सुरक्षित बंधाऱ्याचं. समितीला द्यायच्या पुस्तकावर बंधाऱ्याचा मोठा फोटो हवा होता. साहेब म्हणाले, ही विटकी पिंपं दिसता कामा नयेत, बंधारा स्वच्छ दिसला पाहिजे. रंगवायला वेळ नव्हता. मग मी टोक सोडलं, त्याला चाकावरचा बारीक पोलादी दोर लावून ओळ हळूहळू पलीकडं जाऊ दिली. प्रवाहानं ती डाव्या काठाला लागून सरळ उभी राहिली, खाली बंधाऱ्यापर्यंत. फोटोवाल्यानं संध्याकाळी काढले फोटो. मग म्हणाला, सकाळच्या उजेडातही काढून बघू. साहेब म्हणाले, राहू दे तशीच, रात्री कोण बोट घेऊन येतंय."

फोटोसाठी लोकांनी झाडं तोडलेली, म्हातारी माणसं कोपऱ्यात सरकवलेली मी पाहिली आहेत. पण सुरक्षेच्या फोटोत सुरक्षा आड येते म्हणून ती काढून ठेवणारा माणूस माझ्या धंद्यात मला पहिल्यांदाच भेटत होता.

"आणि टपालवाली?" वहिनींनी विचारलं. "ती पहाटे येते हे तुम्हाला माहीत होतं."

"मी बोललो की. साहेब, पहाटे टपालवाली येते म्हटलं. साहेब म्हणाले, तिला नदी पाठ आहे."

"मग तुम्ही तिला निरोप दिलात?"

चालक पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. "निरोप द्या असं कोणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

"तिचा नंबर होता तुमच्याकडे?"

"होता."

"सकाळी ओळ जागेवर बघितलीत तेव्हा काय वाटलं?"

"वाटलं, साहेबांनी लावली. ते म्हणाले, आता यावर बोलायचं नाही. माझी बढती त्यांच्या हातात आहे, मॅडम. तुम्ही समजून घ्या."

"समजलं," वहिनी म्हणाल्या. "हात दाखवा."

त्यानं दोन्ही तळवे पुढे केले. जाड, घट्टे पडलेले, पण एक ओरखडा नाही.

७

भिंतीच्या टोकाशी, त्या चाकापाशी, वहिनींनी साहेबांना पुन्हा बोलावलं. टपालवालीची बहीणही आली होती. वहिनींनीच तिला आणायला सांगितलं होतं. ती जरा मागे, कठड्याशी उभी राहिली. साहेबांनी तिला ओळखलं नाही. सकाळपासून ती त्यांच्याच दारात बसली होती.

"तुम्ही धुकं बघायला आला होता," वहिनी म्हणाल्या. "फोटोसाठी. ओळ सुटलेली होती, डाव्या काठाला लागून. टपालवाली रोजच्यासारखी पिंपं ठोकत आली. पिंपांनी तिला लॉककडे न्यायचं, ती तिला बंधाऱ्याकडे घेऊन गेली. शेवटचं पिंप आलं आणि भिंत आली नाही. पाण्याचा आवाज शेजारी. दुसरी कोणी असती तर गडबडली असती. तिनं काय केलं? त्याच पिंपाला बोट बांधली, घट्ट. आणि बसून शिट्टी वाजवायला लागली. ती तेव्हा मेली नव्हती, साहेब. ती सुरक्षित होती. कोणी होडी घेऊन जाईपर्यंत, धुकं निवळेपर्यंत, दुपारपर्यंतसुद्धा ती तिथं बसू शकली असती."

"मला शिट्टी ऐकू आली नाही," साहेब म्हणाले.

"पलीकडच्या आंधळ्या म्हाताऱ्याला तुमचं चाक ऐकू आलं. मग तुम्हाला शिट्टी आलीच."

साहेबांनी एका पट्टीचं सुटलेलं टोक दाबून बसवलं.

"शिट्टी ऐकून माणूस काय करतो? भोंगा वाजवतो. पण भोंगा वाजवला तर माणसं जमणार, आणि ओळ सुटलेली दिसणार. म्हणून तुम्ही आधी ओळ जागेवर आणायला घेतली. जन्मात हात न लावलेलं चाक फिरवायला लागलात. दोर हातानं चाकावर ओढून घेताना त्याचे तुटके पोलादी धागे तळव्यात घुसत होते, तरी थांबला नाहीत. चालकाचे हातमोजे कुठे असतात हे तुम्हाला माहीत नव्हतं. गुलाबाचे काटे बोटांना टोचतात, साहेब. तळवे फाटतात ते दोरानं."

साहेबांनी हात मागे घेतले.

"तुम्ही दोर ओढला आणि तो नदीत आडवा सरकायला लागला. तिची बोट त्यालाच बांधलेली. प्रवाहाला नाक करून शांत उभी असलेली बोट आडवी फिरली. तेव्हा शिट्टी वेडीवाकडी झाली. बोट भरली, उलटली, कड्यावरून खाली गेली. त्या ताणानं पिंप उलटं झालं, दोराला पीळ बसला, आणि शेवटी दोरी तुटली. गाठ सुटली नाही. ती पिंपाबरोबर इकडे आली. तुम्ही चाक फिरवत राहिलात. ओळ लागली, चाक थांबलं, आणि मग तुम्ही भोंगा वाजवलात. पहिलं पोचल्याचं पेपरात छापून आणलंत. इथं तुमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं, हेही तुम्हीच सांगितलंत."

साहेबांनी कोट खाली ओढून सरळ केला, आणि मला वाटतं तेव्हा त्यांना आपला बाणा परत सापडला.

"हे बघा," ते म्हणाले. "परिस्थिती लक्षात घ्या. ओळ सुटलेली असणं हा धोका होता. मागून दुसरी बोट आली असती तर? मी आधी धोका दूर केला. कार्यपद्धतीच्या दृष्टीनं हा निर्णय योग्यच ठरतो. ती तिथं बांधलेली आहे हे मला दिसत नव्हतं. एका व्यक्तीच्या बाबतीत दुर्दैवानं..."

"तिला हाक मारलीत?" वहिनींनी विचारलं.

"काय?"

"शिट्टी वाजतेय. कोण आहे, कुठे आहे, म्हणून एक हाक. तिनं उत्तर दिलं असतं. ओढू नका, मी बांधलेय, एवढंच म्हणाली असती."

साहेब बंधाऱ्याकडे बघायला लागले. खाली ते हेल्मेट अजून फिरत होतं.

"माझ्या कामाचं स्वरूप तुम्हाला कळणार नाही," अखेर ते म्हणाले. "समिती यायची आहे. हे सगळं निदान त्यानंतर..."

वहिनींनी मला खूण केली. पोलिसांची गाडी फाटकाशी थांबवलेली होती. मी हात वर केला. साहेबांनी ते बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खरोखर उतरला. ते वहिनींच्या जवळ सरकून हलक्या आवाजात म्हणाले, "मागच्या दारानं जाऊ या का? माणसं बघतील."

त्यांचं आणि माझंही लक्ष लॉककडे गेलं. एक मालवाहू बोट वरून आली होती आणि आत यायला थांबली होती. चालक सुस्तपणे दाराकडे चालला होता. दोन मजूर साखळी ओढत होते. कोणीही इकडे बघत नव्हतं.

साहेब निघाले. बहिणीच्या समोरून जाताना त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला असावा, ही कोण. ते थांबले. सवयीनं हात जोडले, पट्ट्या बांधलेले.

"झालं त्याचं मला वाईट वाटतं," ते म्हणाले. "मी जे केलं ते सगळ्यांच्या सुरक्षिततेसाठीच."

बहिणीनं त्यांच्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत. कोट, पट्ट्या, ओले झालेले बूट. बराच वेळ बघितलं. तिच्या नजरेत मला राग दिसेल असं वाटलं होतं, पण तो दिसला नाही. काहीतरी हरवलेलं शोधायला यावं आणि मिळू नये, तशी ती बघत होती.

मग ती वहिनींकडे वळली.

"हाच?" तिनं विचारलं.

"हाच."

"मला वाटलं होतं," ती म्हणाली, "कोणीतरी मोठा माणूस असेल."

आणि ती भिंतीवरून खाली उतरून गेली. साहेब हात जोडून तसेच उभे होते.